शंभरातले अठ्ठ्याण्णव रुपये



या महिन्याचा पाठ बैठकीत मोठ्याने वाचायचा आहे. एका बैठकीत संपला नाही तर अर्धा पुढच्या बैठकीला ठेवा. पण हिशेबाचा भाग आला की वही-पेन घेऊनच बसा, नुसतं ऐकून तो डोक्यात बसत नाही.

सुरुवात एका प्रश्नापासून करते. आपल्याकडच्या एका ग्रामसंघाला मध्यंतरी एका मोठ्या कंपनीकडून मिरची कांडपाचं यंत्र मिळालं. नारळ फुटला, हार-तुरे झाले, साहेबांचे फोटो झाले. सगळं आटोपल्यावर मागे बसलेल्या एका आजी उठल्या आणि म्हणाल्या, "का गं, ही कंपनी आपल्याला फुकट का देती? तिचं आपल्याकडं काय अडलंय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना एसटीत बसल्यावर वाटलं, आजींनी विचारलेलं बरोबरच होतं आणि उत्तर कोणीच दिलं नाही.

उत्तर असं आहे. २०१३ साली आपल्या देशात नवा कंपनी कायदा झाला. त्यातल्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांना आपल्या नफ्यातला काही भाग समाजाच्या कामाला खर्च करावा लागतो. मोठी कंपनी म्हणजे कोणती? जिची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा वर्षाची उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त, ती. तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के शाळा, पाणी, आरोग्य, महिलांचे उद्योग अशा कामांना द्यायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. यालाच सगळे सीएसआर म्हणतात. आपलं यंत्र त्यातून आलं.

पुढच्या वेळी भेटल्यावर मी आजींना हे समजावून सांगितलं. शंभर रुपये नफा झाला तर त्यातले दोन रुपये समाजाला. आजींनी बोटं मोडत हिशेब केला आणि म्हणाल्या, "आन् बाकीचं अठ्ठ्याण्णव?"

हा पाठ त्या अठ्ठ्याण्णवचा आहे.

दोन रुपयांना मी नावं ठेवत नाही. ते यंत्र रोज चालतं, त्याच्यावर चार जणींची चूल पेटते. पण एखादा उद्योग समाजाचं भलं करतो की नाही, हे नुसतं त्या दोन रुपयांवरून कळत नाही. ते शंभर मिळवताना राबणाऱ्याला काय दिलं, माल कसा दिला, आणि उरलेले अठ्ठ्याण्णव कुणाच्या घरी गेले, यावरून कळतं. हा प्रश्न फक्त शहरातल्या कोटवाल्या साहेबांना विचारायचा नाही. उद्योजक म्हटलं की आपल्याला तेच आठवतात. पण तुमच्या गटात ज्या ताईच्या फोनवर ऑर्डर येते, जी दुकानदाराशी भाव ठरवते, जिच्या पिशवीत पैसे येतात, ती पण उद्योजकच आहे. तिच्या पिशवीतल्या शंभराचं काय होतं, ते आधी बघायचं.

त्यासाठी एक जुनी गोष्ट नीट समजून घेऊ. नाव तुम्हाला माहीत आहे, पाकीटही घरी आलेलं असेल. लिज्जत पापड.

१५ मार्च १९५९. अजून महाराष्ट्र राज्य झालेलं नव्हतं. मुंबईत गिरगावातल्या एका वस्तीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला जमल्या. सगळ्या साध्या गुजराती घरातल्या गृहिणी. फार शिक्षण नाही, नोकरी मिळण्यासारखी नाही, पण संसाराला चार पैशांचा हातभार हवा होता. हाताला येत काय होतं, तर स्वयंपाक. त्यांच्यात जसवंतीबेन पोपट होत्या, ज्यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. छगनलाल पारेख नावाचे समाजसेवक होते, त्यांना सगळे छगनबाप्पा म्हणायचे. त्यांच्याकडून ८० रुपये घेतले. देणगी म्हणून नाही, उसने. त्यातून सामान आणलं आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड तयार झाले. ते भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकले.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणींनी प्रशिक्षणात ऐकली आहे. सात बायका, ऐंशी रुपये, आणि आज हजारो कोटींची बात, वा वा म्हणून टाळ्या. मला नेहमी वाटतं की टाळ्यांच्या नादात मधलं सगळं राहून जातं. मधलंच आपल्या कामाचं आहे.

पहिलं म्हणजे, त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. हा धंदा आहे, धर्मादाय नाही. छगनबाप्पांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या. हिशेब चोख ठेवा, आणि माल एकच दर्जाचा करा. त्या आधी दोन प्रकारचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. स्वस्तातला बंद केला. आपल्याकडे उलटं होतं, बघा. प्रदर्शनाला चांगला माल, आणि गावातल्या गिऱ्हाइकाला "घरचंच आहे, घ्या" म्हणून उरलेला.

पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि काम चार महिने बंद पडलं. पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं, तर एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. पापड खाटेवर पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. झालं काम! ड्रायर नाही, प्रकल्प अहवाल नाही. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. तुटके पापड शेजारीपाजारी वाटून टाकायचे.

तीन महिन्यांतच सातांच्या पंचवीस झाल्या. पुढच्या दोन वर्षांत शेकड्यांत गेल्या. गच्ची पुरेना. मग ठरलं की पीठ मळायचं एका ठिकाणी आणि लाट्या घरी न्यायच्या. तीच पद्धत अजून चालते. पहाटे काही जणी केंद्रावर येऊन पीठ मळतात. बाकीच्या आदल्या दिवशीचे लाटलेले पापड घेऊन येतात, ते तपासले जातात, वजन होतं, लाटण्याची मजुरी मिळते आणि नवं पीठ घेऊन त्या घरी जातात. या मजुरीला तिथे वणाई म्हणतात. उडीद, हिंग, मिरी हे सामान मध्यवर्ती खरेदी करून सगळ्या शाखांना पुरवलं जातं, म्हणून कुठल्याही गावचा पापड घ्या, चव तीच. वितरकाला उधारी नाही, माल उचलायचा तर पैसे मोजायचे. म्हणूनच बहिणींची मजुरी थकत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, ताई. आपल्या गटांत बायकांचे पैसे महिनोन् महिने थकतात, ते बहुतेक वेळा कोणी खाल्लेले नसतात. दुकानदाराकडे उधारीत अडकलेले असतात. गिऱ्हाइकाला उधारी देणारा उद्योग खरं तर आपल्या बायकांकडून उधार घेत असतो.

सगळं जमलंच असंही नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे अगरबत्ती, काडेपेटी असे उद्योगही करून पाहिले, ते बंद करावे लागले. १९६२ मध्ये लिज्जत हे नाव ठरलं, तेही बहिणींमध्येच स्पर्धा लावून आणि पाच रुपयांचं बक्षीस ठेवून. १९६२-६३ ची विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली, खादी ग्रामोद्योग आयोगाने ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि ८ लाख रुपये खेळतं भांडवल मिळालं. म्हणजे सरकारी मदत त्यांनीही घेतली. पण कधी? सात वर्षं स्वतःच्या पायावर चालून दाखवल्यावर.

आज देशभर ऐंशीच्या आसपास शाखा आहेत, पंचेचाळीस हजारांच्या आसपास बहिणी आहेत, आणि वर्षाची उलाढाल १,६०० कोटींवर गेल्याचं छापून आलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. त्या पंचेचाळीस हजार जणी कामगार नाहीत. त्यांना बहीण म्हणतात आणि प्रत्येक बहीण मालकीण आहे. पीठ मळणारी असो, लाटणारी असो, पाकीट भरणारी असो किंवा संस्थेची अध्यक्ष असो. अध्यक्ष त्यांच्यातूनच निवडली जाते, आणि कालपर्यंत पापड लाटणारी बाई अध्यक्ष होऊ शकते. पुरुष तिथे ड्रायव्हर, हिशेबनीस म्हणून नोकरी करतात, पण सभासद होत नाहीत. निर्णय बहुमताने रेटून नेत नाहीत, सगळ्यांच्या संमतीने घेतात. एकीने हरकत घेतली तरी थांबावं लागतं. हे वाचून तुम्ही म्हणाल, मग तर कधीच काही ठरायचं नाही! मलाही तसंच वाटलं होतं. पण साठ वर्षांच्यावर चाललंय, म्हणजे ठरत असणार.

आणि नफा? मजुरी ज्या त्या कामाची. नफा मात्र शाखेतल्या सगळ्या बहिणींत सारखा. जुनी-नवी नाही, वरची-खालची नाही. शाखेला तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. काही वेळा तर नफा सोन्याच्या रूपाने वाटला गेला आहे.

म्हणजे आजींचे अठ्ठ्याण्णव रुपये कुठे गेले, याचं लिज्जतचं उत्तर सरळ आहे. ज्यांनी लाटले त्यांच्याच घरी.

इथे थोडं थांबून एक खुलासा करते. लिज्जतमध्ये गेलेली प्रत्येक बाई श्रीमंत झाली असं कोणी समजू नका. पापड लाटणं हे कंबर मोडणारं काम आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. किलोवर मिळणारी मजुरी ही मजुरीच असते. फरक एवढाच की काम स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेत, पैसे हातात, आणि वर नफ्यात वाटा. त्यातून फी भरली गेली, औषधपाणी झालं, घरात दोन शब्द बोलायची हिंमत आली. याला मी भलं म्हणते.

आता माझी गोष्ट सांगते. ही मी आजवर कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने पापडाचा उद्योग सुरू केला. आम्ही दहा जणी. मी अध्यक्ष. एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता, तिथे शहरातल्या एका दुकानदाराला आमचा माल आवडला. त्याने नंबर घेतला, माझा. दिवाळीच्या आधी फोन आला, शंभर किलो पाहिजे. मी खूश. धावपळ मीच केली, उडीद डाळ मी आणली, दळून मी आणलं, एसटीने पार्सल मी पाठवलं. नऊ जणींनी आणि मी मिळून लाटले. पैसे माझ्या खात्यावर आले. मी प्रत्येकीला किलोमागे ठरलेली मजुरी दिली, वेळेवर दिली, एक रुपया बुडवला नाही. आणि उरलेले मी ठेवले.

मला त्यात काही चूक वाटली नाही, हे खरं सांगते. ऑर्डर मी आणली, फोन माझा, धावपळ माझी. दुसरी ऑर्डर आली, तिसरी आली. घरात फ्रीज आला. मग एक दिवस माझी जाऊ, जी गटाची सदस्यही होती, लाट्या घेताना सहज म्हणाली, "ताई, आता तुमच्याकडं कामाला यायला लागलो आम्ही." ती हसत म्हणाली. माझ्या मात्र ते लागलं. मी रागावले, बोलाबोली झाली. पुढच्या बैठकीला चार जणी आल्या. त्याच्या पुढच्या बैठकीला आम्ही दोघीच, मी आणि सचिव. बचतही थांबली. आठ वर्षांचा गट तीन ऑर्डरमध्ये मोडला.

त्या गटाला ऑर्डर मिळाली नसती तर तो आजही टिकला असता, असं मला कधी कधी वाटतं. तोट्यात गट मोडताना मी कमी पाहिलेत. तोटा झाला की बायका एकमेकींना धरून राहतात. पैसा आला की प्रश्न येतो, हा कुणाचा?

चला, तो हिशेब आता वहीवर मांडू. आकडे सोपे केले आहेत, तुमच्या गावच्या भावाप्रमाणे बदलून घ्या.

समजा १०० किलो पापड, ३०० रुपये किलोने विकले. आले ३०,००० रुपये. डाळ, मसाला, दळण, पापडखार मिळून १३,००० गेले. पाकिटं, लेबल आणि वाहतूक ३,०००. लाटण्याची मजुरी किलोला ४० रुपये, म्हणजे ४,०००. दहा जणींनी दहा-दहा किलो लाटले तर प्रत्येकीला ४००. खर्च झाला २०,०००. उरले १०,०००.

मी केलं ते असं. नऊ जणींना चारशे-चारशे, आणि मला चारशे अधिक दहा हजार.

आता दुसऱ्या रीतीने मांडा. धावपळ करणाऱ्या बाईचे दिवस फुकटचे नाहीत. ते न मोजणं हाही अन्यायच आहे, आणि मी पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कोणी आपल्या अध्यक्षाला फुकट राबवू नका. समजा तिचे बाजारात, पार्सलमध्ये, फोनवर मिळून सहा दिवस गेले. दिवसाला ३०० रुपयेप्रमाणे १,८०० रुपये तिची मजुरी. ही नफ्यातून नाही, खर्चात लिहायची, सगळ्यांसमोर. मग उरले ८,२००. त्यातले २,२०० गटाच्या खात्यावर ठेवले, पुढच्या डाळीसाठी, म्हणजे पुढच्या वेळी कर्ज नको. राहिले ६,०००. दहा जणींत सारखे वाटले तर सहाशे-सहाशे.

आता प्रत्येकीला चारशेच्या जागी हजार मिळाले. धावपळ करणारीला हजार अधिक अठराशे, म्हणजे २,८००. तिला सगळ्यांत जास्तच मिळाले, पण का मिळाले हे सगळ्यांना माहीत आहे. आणि गटाकडे २,२०० रुपये जमा आहेत.

आता आर्थिक वाढीचं बघा. मोठमोठे लोक या शब्दावर तासभर बोलतात, आपण दोन मिनिटांत बघू. दहा हजार चारशे एकीच्या घरी गेले तेव्हा शहरातून फ्रीज आला. पैसा गावात आला आणि तसाच गावाबाहेर गेला. हजार-हजार दहा घरी जातात तेव्हा काय होतं? गावातल्या शिंप्याकडे मुलीचा ड्रेस शिवायला पडतो, किराणा दुकानाची थकलेली उधारी फिटते, कोणी चार कोंबड्या घेते. तोच पैसा गावात दोन-तीन हातांतून फिरतो. शिवाय दहाही जणींना पुढच्या ऑर्डरची ओढ लागते. कडेला जाडसर राहिलेला पापड आपणहून बाजूला काढतात, कारण परत आलेल्या मालाचा तोटा त्यांचाही असतो. मजुरीवर आलेली बाई वजन बघते, मालकीण झालेली बाई पापड बघते. सात जणींच्या पंचेचाळीस हजार कशा झाल्या, त्याचं कारण मला तरी यातच दिसतं. तिथे नवी बाई आली की जुनीला वाटेकरी आली असं वाटलं नाही, हात वाढले असं वाटलं.

तुमच्यातली कोणी म्हणेल, आमचा काही पापडाचा उद्योग नाही, आमचा गट फक्त बचत आणि अंतर्गत कर्ज करतो. मग साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड बघा. दुष्काळी भाग. तिथे चेतना सिन्हा यांनी बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला तो परत आला, कारण अर्ज करणाऱ्यांत सही न येणाऱ्या, अंगठा लावणाऱ्या बायका होत्या. बायका खचल्या नाहीत. अक्षरं गिरवली, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला व्याजाचा हिशेब घालून बघा, तोंडी करून दाखवतो, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. बायका म्हणाल्या, बँकेत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तर बँकेने बायकांना समजावत बसण्याऐवजी आपलीच पद्धत बदलली आणि पैसे गोळा करायला माणूस दारात पाठवला. उद्योग चालवणारीने काय करायचं असतं, याचं हे एक उदाहरण. नियम कुणाच्या सोयीने केलाय, तिच्या की आपल्या?

आपल्या गटाची बैठक किती वाजता असते? ती वेळ कुणाच्या सोयीची आहे? शेतावर जाणारीच्या, की घरी असणारीच्या? हे मी इथेच सोडते, तुम्ही बोला.

परत माझ्या गटाकडे. दीड वर्ष आम्ही बोलत नव्हतो. मग माझ्या मुलीने, बारावीची परीक्षा देऊन घरी बसली होती ती, माझी जुनी डायरी काढून वर मांडला तसा हिशेब करून दाखवला. म्हणाली, "आई, काकूंचे प्रत्येक ऑर्डरला सहाशे बाकी आहेत तुझ्याकडं." तीन ऑर्डर, नऊ जणी. एकदम देण्याइतके माझ्याकडे नव्हते. मी घरोघरी गेले, हिशेबाचा कागद दाखवला आणि हप्त्याने दिले. आठ महिने लागले. दोघींनी घ्यायला नकार दिला, त्यांचे गटाच्या खात्यावर भरले. सहा जणी परत आल्या. तिघी नाही आल्या. जाऊ परत आली, पण गटात पैशाचा विषय निघाला की अजून माझ्याकडे बघत नाही. ते मी समजू शकते.

आता आमच्या गटात ऑर्डरचा फोन सचिवाच्या नंबरवर येतो, पैसे गटाच्या खात्यावर येतात, आणि ऑर्डर घ्यायच्या आधी हिशेबाचा कागद बैठकीत वाचला जातो. नंतर नाही, आधी. नंतर वाचला की तो खुलासा होतो, आधी वाचला की ठराव होतो.

ज्या गटांचा उद्योग आहे त्यांनी या महिन्यात पुढचा ठराव इतिवृत्तात लिहावा. शब्द तुमचे घाला.

"आज दिनांक ..... रोजीच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, गटाच्या नावाने आलेल्या प्रत्येक ऑर्डरचे पैसे गटाच्या खात्यावरच घेण्यात येतील. काम सुरू करण्यापूर्वी कच्चा माल, मजुरी व बाजारहाट करणाऱ्या सदस्याच्या दिवसांचा खर्च बैठकीत वाचून मंजूर करण्यात येईल. सर्व खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतून ..... टक्के गटाच्या खात्यावर राखून बाकी रक्कम काम केलेल्या सर्व सदस्यांत सारखी वाटण्यात येईल. उधारीने माल देण्याचा निर्णय कोणतीही एक सदस्य घेणार नाही. ऑर्डरचे काम दर वेळी वेगळ्या सदस्याने शिकून घ्यावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. ऑर्डर आणायला एकीलाच येत असेल तर कितीही ठराव केले तरी मालकी तिच्याकडेच जाते, तिच्या मनात नसलं तरी. पुढच्या वेळी दुकानदाराकडे जाताना एखादी न बोलणारी ताई सोबत न्या. भाव तिला विचारू द्या. चुकली तर चुकू द्या.

सारखं वाटायचं की किलोप्रमाणे वाटायचं, यावर तुमच्या गटात वाद होईल. झालाच पाहिजे. जी आजारी होती, जिने पाचच किलो लाटले, तिला सारखा वाटा का? लिज्जतचं उत्तर वर दिलं आहे, मजुरी कामाप्रमाणे आणि नफा सारखा. पण तुमच्या गटाचं उत्तर वेगळं असू शकतं. काय ठरलं आणि कोणी काय म्हटलं, ते सीआरपी ताईंकडे लिहून द्या. वेगवेगळ्या गटांची उत्तरं पुढच्या अंकात एकत्र छापू. ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांनी फोनवर बोलून पाठवलं तरी चालेल, आम्ही उतरवून घेऊ.